कॉन्टेसात सुपरचार्जर टाकायचाय, इंजिन कोणतं घेऊ? (नागपूर)

एमएच३१_कॉन्टेसा:

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसता वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबणार आहे, पण अर्धवट सांगतलं तर तुम्हालाही नीट उत्तर देता येणार नाही.

बाबांची १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक आहे, इसुझूच्या १.८ पेट्रोल इंजिनवाली, ५ गिअरची. मी लहान असताना महालातून धंतोलीला मामाकडे जायचं म्हणजे मागच्या सीटवर मधोमध बसायचं, आणि ती सीट एवढी रुंद की दोन्ही बाजूला हात पसरले तरी दारं लागत नव्हती. मधली सहा वर्षं गाडी घरी ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या दिवाळीत सुरू केली, दोन महिने छान चालली, मग एक दिवस डिपस्टिक काढली तर तेल दुधाच्या चहासारखं. वाटलं हेड गास्केट गेलं असेल. हेड उतरवलं तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये ब्लॉकलाच तडा. चूक आमचीच आहे, वर्षानुवर्षं कूलंटच्या जागी नळाचं पाणी टाकत आलो, आतून सगळं गंजून गेलं होतं.

आता इंजिन बदलायचंच आहे तर मनातली जुनी इच्छा पूर्ण करून घ्यावी असं ठरवलंय, म्हणजे सुपरचार्जर, इंजिनाच्याच बेल्टवर फिरून आत जास्त हवा ढकलणारा पंप. टर्बो नको, मला खालच्या आरपीएमपासून एकसारखी ओढ पाहिजे आणि तो आवाज पाहिजे. सुपरचार्जर तर घेऊनही झाला, मुंबईहून. ईटनचा एम ६२ आहे, जुन्या मर्सिडीज एसएलके २३० मधला, इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लचवाला. हाताने फिरवला तर रोटर मोकळे फिरतात, कुठं घासत नाहीत, नाकातलं (पुढच्या गिअरच्या घरातलं) तेल मात्र काळं झालंय.

इंजिनासाठी समोर जे आहे ते असं. एक, दुसरं इसुझू १.८ शोधून तेच बांधायचं, ब्रॅकेट वगैरे जागच्या जागी बसतील, पण ते कार्ब्युरेटरवालं ८८ एचपीचं इंजिन आहे आणि चांगला ब्लॉक मिळेल की नाही देव जाणे. दोन, इनोव्हाचं २.० पेट्रोल, गिअरबॉक्ससकट, वायरिंगसकट एक मिळून राहिलं आहे, मागून ठोकलेल्या गाडीचं. तीन, इन्शुरन्सच्या लिलावातली सी २०० कॉम्प्रेसर, ज्यात सुपरचार्जर कंपनीचाच आहे, मग माझा एम ६२ विकून टाकायचा. मित्राच्या मते तिसरंच घ्यावं, आयतं सगळं तयार.

बजेट इंजिन, फिटिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), ब्रेक सगळं धरून साडेचार लाख. २०० एचपीच्या आसपास पाहिजे. रेस करायची नाही, रविवारी सकाळी रामटेक, कधी वर्धा, कधी समृद्धीवरून पुढे. आणि एसी चालला पाहिजे, आई बसणार आहे गाडीत. कोणतं घेऊ?


कारवेडा_९९:

भावा कॉन्टेसासारखी गाडी आणि चार सिलिंडर टाकतो? टोयोटाचं २जेझेड टाक ना. तीन लिटर, सरळ सहा सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, टर्बो नसलेलं जीई व्हर्जनसुद्धा मुळातच दोनशेच्या वर देते, सुपरचार्जरची गरजच नाही. बॉनेट एवढं लांब आहे की आरामात बसेल. एकदाच करायचं तर मनासारखं कर.


सक्करदरा_गॅरेज:

वर ज्याने २जेझेड म्हटलं त्याचं मन मी समजतो, इंजिन सोन्यासारखंच आहे. पण साडेचार लाखातले बहुतेक पैसे इंजिन दारात येईपर्यंतच संपतील आणि उद्या वॉटर पंप गेला तर नागपुरात कोणाकडे जाशील? तेव्हा ते बाजूला ठेवू.

राजा, तू एचपी पाहून इंजिन निवडून राहिला. मी म्हणतो मे महिना पाहून निवड.

नीट समजून घे. तुझा एम ६२ म्हणजे रूट्स जातीचा ब्लोअर, तो हवा आत दाबत नाही, नुसती ढकलतो, आणि पुढे इनटेकमध्ये गर्दी झाली की तिथं दाब तयार होतो. या पद्धतीत हवा फार तापते. टर्बोपेक्षा जास्त, स्क्रू टाइप सुपरचार्जरपेक्षाही जास्त. आता हिशेब कर. जानेवारीत पहाटे १० डिग्रीची हवा आत घेतली आणि अर्धा बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब, दिला तर बाहेर निघताना ती सत्तर-पंचाहत्तर डिग्रीची होते. तेच मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीची हवा घेतली तर बाहेर पडते ११५ च्या घरात. आणि ४५ मी हवामान खात्याची म्हणून राहिलो, बॉनेटखाली तर साठही होते. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, हे लक्षात असू दे. पुण्या-बंगळुरूचे लोक जे सेटिंग सांगतात ते त्यांच्या हवेचं असते. इथं तेच सेटिंग नवतप्यात इंजिन खाऊन टाकते.

इंजिन खाते म्हणजे काय तेही सांगतो. काही वर्षांआधी माझ्याकडे एक १.६ लिटरची सेडान आली होती, सुपरचार्जर दुसऱ्या कोणीतरी बसवलेला, काम दिसायला एकदम स्वच्छ, पाइप चकाचक. थंडीत बसवला, थंडीतच ट्यून केला, मालक खूश. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वर्धा रोडवर एसी लावून चार माणसं घेऊन जात होता, बुटीबोरीच्या आधी चढावर पाय दाबला तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला म्हणे, त्याला वाटलं टॅपेट वाजून राहिले. मी प्लग काढला आणि भिंग लावून पाहिला, पांढऱ्या चिनी मातीवर बारीक बारीक चकाकणारे ठिपके, जसा कोणी चांदीचा वर्ख चुरून टाकला. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. तो आवाज ठोकण्याचा होता, गरम हवेनं मिश्रण आपोआप पेटून पिस्टनवर आदळत होतं. हेड काढलं तर तीन नंबरच्या पिस्टनचा दोन रिंगांच्या मधला भाग तुटून खाली पडलेला. आवाज आल्यापासून घरी येईपर्यंत फार तर वीस किलोमीटर झाले असतील.

म्हणून माझ्या हिशेबाने इंजिन निवडताना पाहायच्या गोष्टी दोनच. ब्लॉक दणकट आहे का आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबते ते, किती आहे, ही एक. आणि पहिलं इंजिन फुटलं तर दुसरं इथंच, चार दिवसांत, परवडेल त्या भावात मिळेल का, ही दुसरी. लोक पहिलीच पाहतात. दुसरी जास्त मोठी आहे, कारण सुपरचार्जरच्या गाडीचं पहिलं इंजिन शिकण्यातच जाते, मी असं नसलेलं फार कमी पाहिलं.

आता तुझे तीन पर्याय. इसुझू माझ्या हातून शेकड्याने गेले असतील, मायाळू इंजिन आहे, लोखंडी ब्लॉक, पण ८ व्हॉल्व्हचं हेड श्वासच कमी घेते, आणि त्यावर इंजेक्शन बसवायचं म्हणजे मॅनिफोल्डपासून सगळं बनवणं आलं. एवढं करून तू १३० पर्यंत जाशील. म्हणजे जेवढं इनोव्हाचं इंजिन काहीही न करता देते तेवढंच, तिथं कंपनीतून १३६ पीएस (जवळपास एचपीच समज) आहे.

इनोव्हाचं २.० म्हणजे वन टीआर-एफई. ८६ चा बोअर, ८६ चाच स्ट्रोक, लोखंडी ब्लॉक, चेनवालं, १६ व्हॉल्व्ह, उभं बसते आणि मागच्या चाकांसाठीच बनलं आहे, म्हणजे तुझ्या गाडीची जी रचना आहे तीच. कॉम्प्रेशन ९.८ आहे, सुपरचार्जरसाठी जास्त आहे, ही त्याची खोट. पण ०.३ ते ०.३५ बारवर, ठिणगीचं टायमिंग मागे ठेवून, ब्लोअरची गरम हवा पाण्याने थंड करणारा चांगला वॉटर इंटरकूलर लावून ते चालते. १६५-१७५ एचपी मिळेल. तू २०० म्हणाला, मी म्हणतो १७० घे आणि गाडी दहा वर्षं चालव. कॉन्टेसाला आधी ८८ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले ना.

पुलीचा हिशेबही करून देतो. दोन लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात एक लिटर हवा घेते. एम ६२ त्याच्या स्वतःच्या एका फेऱ्यात साधारण एक लिटर ढकलतो. म्हणजे १:१ पुली लावली तर बूस्ट जवळजवळ नाहीच, १:१.६ वर गेला की अर्ध्या बारच्या आसपास. तू १.४ च्या पुढे जाऊ नको. ६,००० आरपीएमला ब्लोअर ८,४०० वर फिरेल, त्याची ताकद १४ हजारांपर्यंत आहे, म्हणजे तो आरामात राहील आणि हवाही कमी तापवेल.

इंटरकूलरबद्दल एक. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळवते, हे तुला सांगायला नको. इंटरकूलरमधलं पाणीही तसंच होते. गाडी उन्हात उभी असली की पहिला किलोमीटर ते पाणी काही थंड करत नाही. म्हणून पुढचा रेडिएटर मोठा घे, पाण्याचा साठा ५-६ लिटरचा ठेव, आणि ईसीयूत हवेच्या तापमानाचा सेन्सर ब्लोअरच्या नंतर लाव, आधी नाही. कित्येक जण एअर फिल्टरपाशी लावतात आणि मग ईसीयूला कळतच नाही की आत भट्टी पेटली आहे.


एमएच३१_कॉन्टेसा:

काका, एवढं मनापासून लिहिलं, खरंच आभार. १७० वर मन तयार करून राहिलो, सोपं नाही पण तुमचं पटलं. प्लगवरचे ठिपके वाचून तर हातच थांबला.

दोन शंका. इनोव्हाचं अख्खं न घेता सी २०० कॉम्प्रेसर घेतली तर ती कंपनीनेच या कामासाठी बनवलेली, मग पिस्टन, तेल, कूलिंग सगळं त्याच हिशेबाने असणार ना? आणि दुसरं, पेट्रोल आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, त्याने फायदा की तोटा?


कोथरूडकर:

मी पुण्यातून, मर्सिडीजचा प्रश्न आला म्हणून लिहितो. कंपनीतून सुपरचार्ज्ड आलेलं इंजिन घ्यावं हा विचार चुकीचा अजिबात नाही. टोयोटानेसुद्धा १९८६ मध्ये ४ए-जीझेडई काढलं तेव्हा साध्या ४ए-जीई वर नुसता ब्लोअर ठेवला नाही, कॉम्प्रेशन उतरवून ८ वर आणलं. जुन्या मिनी कूपर एसचं १.६ पण ८.३ चं आहे. कंपन्या हे उगाच करत नाहीत.

पण सी २०० कॉम्प्रेसर या एकाच नावाखाली दोन वेगळी इंजिनं आली, आणि मागच्या बाजूला बॅज तोच. डब्ल्यू २०३ या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत एम १११, ते दोन लिटरचं, लोखंडी ब्लॉक. नंतरच्यात एम २७१, ते १.८ लिटर, ॲल्युमिनियम ब्लॉक. दोन्हींची पॉवर कागदावर १६३ पीएस, त्यामुळे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. ओळखायची सोपी रीत म्हणजे आरसीवर सीसी बघ. १९९८ असेल तर एम १११, १७९६ असेल तर एम २७१. एम १११ असेल तर मी म्हणेन विचार कर, फार टिकाऊ इंजिन आहे, माझ्या एका मित्राने त्याआधीच्या पिढीच्या डब्ल्यू २०२ मधलं काढून जीपमध्ये बसवलंय आणि ते घड्याळासारखं चालतंय. एम २७१ असेल तर चेन आणि कॅमच्या गिअरचे दात झिजणं हे त्याचं सगळीकडे माहीत असलेलं दुखणं, आणि पार्ट घ्यायला गेलास की बजेट हललं.

दुसरं, चावी. या गाड्यांत चावी, स्टार्टचं इग्निशन युनिट आणि ईसीयू एकमेकांना ओळखतात, त्यातलं एक जरी नसलं तरी इंजिन सुरू होत नाही. अपघाताच्या गाडीत बऱ्याचदा नेमकं तेच गायब असतं. मग वेगळा प्रोग्रॅमेबल ईसीयू घ्यावाच लागतो, म्हणजे आयतं सगळं तयार ही गोष्ट तिथेच संपली. आणि गिअरबॉक्स बहुतेक ऑटोमॅटिक निघेल, त्याचा कंट्रोलर वेगळा.

ई२० बद्दल. इथेनॉलमुळे ठोकण्याचा त्रास थोडा कमी होतो, आतली हवाही थंड होते, सुपरचार्जरला हे चांगलंच आहे. पण शुद्ध पेट्रोलला एक किलो मागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या मॅपवर, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या जुन्या हिशेबावर, चालवलीस तर इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालेल, आणि बूस्टमध्ये लीन म्हणजे काकांनी सांगितलेला पिस्टन. इंजेक्टर ठरवताना १७० एचपीला प्रत्येकी ३३०-३४० सीसी पर मिनिट लागतील, तू ४४० चे घे म्हणजे ताण येणार नाही. टाकी मात्र १९९३ ची, कार्ब्युरेटरच्या काळातली. ती आतून साफ कर, सगळे रबरी पाइप बदल, जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं. आणि इंजेक्शनला तीन-साडेतीन बारचा पंप लागतो, रिटर्न लाइन लागते. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं आणि पंपाने हवा ओढली तर बूस्टमध्ये एक सेकंद पुरतो, म्हणून पंपासाठी कायम भरलेला राहणारा छोटा सर्ज टँक लाव.


हिंगणा_टर्नर:

मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर आहे, बावीस वर्षं झाली, इंजिनाचा डॉक्टर नाही पण असे दोन सुपरचार्जर माझ्या ब्रॅकेटवर चालून राहिले म्हणून बोलतो.

लोक इंजिनवर लाखो खर्च करतात आणि ब्रॅकेट ६ एमएमच्या पत्र्याचा वाकवून आणतात. बेल्ट ओढते तेव्हा तो ब्रॅकेट वाकते, डोळ्याला दिसत नाही, पण पुली अर्धा एमएम तिरपी झाली की बेल्ट चिरचिर ओरडते, काठावरून झिजते आणि एक दिवस निसटते. तोच बेल्ट वॉटर पंप फिरवत असेल तर बेल्टसोबत कूलिंगही गेलं. म्हणून सुपरचार्जरचा बेल्ट वेगळा ठेवायचा, जागा असेल तर. ब्रॅकेट १६ एमएमच्या ॲल्युमिनियम प्लेटमधून काढायचा, इंजिनला कमीत कमी चार जागी धरायचा, हेड आणि ब्लॉक दोन्हीकडे. छोट्या पुलीवर बेल्टचा वेढा अर्ध्याच्या वर पाहिजे, त्यासाठी इडलर (बेल्ट वळवणारी मधली पुली) नेमका कुठे बसते ते आधी पुठ्ठ्यावर काढून पाहायचं. ६ रिबचा बेल्ट ०.३५ बारला चालते, पुढे जायचं असेल तर ८ रिब.

कॉम्प्रेशन उतरवायचा विषय निघाला आहे तर सांगतो, कोणी जाड हेड गास्केट लाव म्हणेल, ऐकू नको. हिशेब असा. एका सिलिंडरचे जवळपास ५०० सीसी, ९.८ कॉम्प्रेशन म्हणजे वरती ५७ सीसी जागा. ८.८ करायचं तर ६४ पाहिजे, म्हणजे ७ सीसी वाढवायची. ८६ च्या बोअरवर ती गास्केटने वाढवायची तर सव्वा एमएम जाडी वाढते. तेवढी वाढवली की पिस्टन आणि हेडच्या काठाची जी चिपकून जागा असते, जिथून मिश्रण दाबून मधे फेकलं जाते, ती मोकळी होते, आणि मग कॉम्प्रेशन कमी करूनही ठोकणं तसंच राहते. काठ तसाच ठेवून पिस्टनच्या माथ्यावर मधे वाटी काढायची, चारही पिस्टन वजनाने सारखे करायचे.

पण कंपनीच्या पिस्टनमध्ये तेवढं मांस आहे का हे पाहिल्याशिवाय मी टूल लावत नाही. एक भंगार पिस्टन आणायचा, हॅकसॉने उभा मधोमध कापायचा आणि माथ्याची जाडी व्हर्नियरने मोजायची. मागे एका गाडीचा कापला तर गजनपिनच्या बाजूला जाडी भरपूर आणि व्हॉल्व्हच्या खाचेखाली अगदी कमी निघाली, वाटी काढली असती तर तिथं भोक पडलं असतं. त्याला सांगतलं, फोर्ज्ड पिस्टन मागव नाही तर बूस्ट कमी ठेव. त्याने बूस्ट कमी ठेवला.


सदर_वकील:

तांत्रिक बाजू या मंडळींनी छान सांगितली, कायद्याची कोणीच काढली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत ते कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत हेच स्पष्ट सांगितलं. खराब इंजिन काढून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन टाकणं ही एक गोष्ट. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं, वर सुपरचार्जर, ही पूर्ण वेगळी गोष्ट. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारेल, आणि गाडीत तुमची आई असेल.

तेव्हा काही कापायच्या आधी गिरीपेठच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी कोणी काही म्हणालं तर त्याला अर्थ नाही. उत्तर नाही असं आलं तर ही गाडी फक्त बंद ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन चालवायची, हे आधीच मनाशी ठरवून मग पैसे घाला.


सक्करदरा_गॅरेज:

वकीलसाहेबांचं बरोबर आहे, मीच आधी लिहायला पाहिजे होतं. मी माझ्याकडच्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो आणि निम्मे तिथूनच परत जातात, जाऊ दे.

अजून एक राहिलं. काहीही घेतलं तरी आधी सुपरचार्जर न लावता इंजिन तीन महिने चालव. इंजिन नवीन, वायरिंग नवीन, ईसीयू नवीन, त्यात ब्लोअरही पहिल्याच दिवशी, आणि मग गाडी अडखळली तर दोष कशात आहे हे ब्रह्मदेवालाही सापडत नाही. नुसत्या इंजिनावर उन्हाळा काढ, टेंपरेचर पाह, एसी लावून सिताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी करून पाह. ती पास झाली की दसऱ्याला ब्लोअर. आणि ब्रेक आधी, इंजिन नंतर. मागच्या एक्सलचे आणि गिअरबॉक्सचेही हाल समजून घे, कॉन्टेसाचा एक्सल ८८ एचपीसाठी होता. इनोव्हाचा गिअरबॉक्स वापरशील तर प्रोपेलर शाफ्ट कापून, वेल्ड करून बॅलन्स करावा लागेल, नाही तर ८० च्या पुढे फरशी थरथरेल.


एमएच३१_कॉन्टेसा:

दहा-बारा दिवस गेले मधे, पण रिकामा बसलो नव्हतो.

लिलावातल्या सी २०० ची आरसी मागवली. १७९६. चावी एकच आणि तीही गाडीसोबत नाही, "नंतर देऊ" म्हणाले. ती सोडली.

वकील सर, अर्ज दिला, पोच घेतली आहे, उत्तर अजून आलं नाही. बाबांना कलम ५२ वाचून दाखवलं. ते म्हणाले परवानगी नाही मिळाली तर इसुझूचा ब्लॉक शोधू आणि गाडी जशी होती तशी उभी करू, आई बसणार असेल तर कागद साफ पाहिजेत. त्यांचं ऐकायचं ठरवलंय. म्हणून उत्तर येईपर्यंत गाडीला कटर लागणार नाही, फक्त मोजमाप.

इनोव्हाचं इंजिन पाहून आलो. चेन शांत आहे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं, सगळे एकमेकांच्या जवळ आहेत. माणूस ओळखीचा निघाला, महिनाभर थांबतो म्हणाला, थोडा बयाणा दिला, परवानगी नाही आली तर परत देईन म्हणाला आहे. मग घरी येऊन थर्माकोल आणि पुठ्ठ्याचं त्याच मापाचं इंजिन बनवलं आणि कॉन्टेसाच्या बॉनेटखालच्या खोलीत दोरीने लटकवून पाहिलं. लांबीला जागा आहे, रेडिएटरपुढे इंटरकूलरचा रेडिएटरही मावेल. पण ऑइल सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पुढच्या क्रॉसमेंबरवर (गाडीच्या आडव्या बीमवर) येऊन टेकतो, तीन बोटं तरी. इंजिन वर घेतलं तर बॉनेट लागते. म्हणजे सम्प कापून नवीन बनवावा लागेल, तेल उचलायची नळी पण हलवावी लागेल.

काका, १७० पक्कं, १.४ ची पुली पक्की, आणि पहिला उन्हाळा ब्लोअरशिवाय. एम ६२ चं नाकातलं तेल बदललं, तोंडं बंद करून कपाटात ठेवला.

टर्नर दादा, इंजिनवाल्याकडे त्याच मॉडेलचा एक जुना पिस्टन पडला होता, मागून आणला आहे. कापायला रविवारी येऊ का? सम्पचंही माप घेऊन येतो.


हिंगणा_टर्नर:

ये. दहाच्या आधी ये, नंतर लाइन जाते. सम्पचं माप कागदावर नको, पुठ्ठ्याचं इंजिनच घेऊन ये.